कसा पडला ते सांग

सासरे : चालतोय म्हणजे कसा चालतोय?

सून : पायांनी.

सासरे : पायांनी तर मीसुद्धा चालतो. त्यासाठी हॉलिवूड कशाला हवं?

सून : बरं, थांबा. उंच माणूस आहे. किडकिडीत. अंगात काळा कोट, मागे दोन शेपट्या असलेला. हातात रिकामं तबक. डावीकडून उजवीकडे निघालाय.

सासरे : बाह्या?

सून : काय बाह्या?

सासरे : अगं, कोटाच्या बाह्या कुठवर आल्यात?

सून : मनगटाच्या वरच राहिल्यात. चांगल्या चार बोटं.

सासरे : तोच! आमचा आखूडबाह्या! खरं नाव पाटीवर यायचं, पण इंग्रजी पाटी वाचणार कोण? तुझ्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बारसं केलं. म्हणाल्या, शिंप्याच्या बायकोला आधी बाहीच दिसणार. आणि तो पियानो बंद कर बघू.

सून : का? बरा वाजतोय की.

सासरे : ते मागाहून लावलेलं अस्तर आहे. मूळ कापडाला आवाज नव्हताच. आम्ही थेटरात बघायचो तेव्हा आवाज फक्त हसण्याचा.

सून : केला बंद. आता नुसती आपल्या पंख्याची घरघर.

सासरे : ती चालेल. हं, पुढे.

सून : जिन्यापाशी आला. पाऊल घसरलं. इसम खाली पडला.

सासरे : इसम?

सून : सवय हो, बाबा. दिवसभर तेच लिहिते. 'सदर इसम जिन्यावरून घसरला. जिना ओला होता किंवा कसे, याची खातरजमा करावी.'

सासरे : त्या विमा कंपनीने तुझी पार माती केली. असं सांगतात का? हे म्हणजे भजनाला बसावं आणि कोणी टाळ किती वजनाचे ते सांगावं. कसा पडला ते सांग.

सून : वरून खाली.

सासरे : सगळे वरूनच खाली पडतात, बाई.

सून : मग तुम्हीच सांगा काय बघायचं ते. मला फक्त पडलेला दिसतो.

सासरे : पडताना त्याचं तोंड बघ. घे, मागे घे जरा. घेतलंस?

सून : घेतलं. हा आला जिन्यापाशी. पाऊल घसरलं... अय्या.

सासरे : काय?

सून : तो पडतोय, पण तबक पडू देत नाहीये. स्वतः गडगडतोय आणि तबक आपलं डोक्यावर तसंच, सरळ. तोंड असं करतोय, जणू जिन्यावरून जायची हीच रीत आहे. खाली आला. बसला. आता इकडे बघतो, तिकडे बघतो. कोणी पाहिलं तर नाही?

सासरे : आणि?

सून : आणि उठला. कोट झटकला. निघाला.

सासरे : हां! पडतो, उठतो, कोट झटकतो, निघतो. झालं, एवढीच पोथी आहे त्याची. देवाने माणसाला पडायला जमीन दिली आणि उठायला गुडघे दिले, बाकी सगळं आपण वाढवून ठेवलंय. तुझ्या सासूबाई तर तो पडायच्या आधीच हसायच्या. मी म्हणायचो, अगं, अजून पडला नाही. त्या म्हणायच्या, पडणार आहे ना!

सून : इतक्या वेळा बघूनसुद्धा?

सासरे : इतक्या वेळा बघितला म्हणून तर. गंमत बघ, शंभर वर्षं होत आली असतील. तिकडच्या कुठल्या गावात तो पडला, त्याला लागलेलं कधीच बरं झालं, बिचारा देवाघरीसुद्धा गेला असेल. आपण अजून हसतोय. आणि पडलेला माणूस कुठल्या भाषेत पडतो, हे कोणाला विचारावं लागत नाही. हं, पण सूनबाई...

सून : काय?

सासरे : आज अचानक हे चित्र का लावलंस? ही लाच आहे. उद्याची.

सून : लाच कसली? म्हटलं, उद्या सकाळी डोळ्यांच्या दवाखान्यात जायचंय, तर आज जरा मन रमेल.

सासरे : मी जातो असं म्हटलेलं नाही.

सून : मागच्या दोन्ही वेळा तुम्ही जातो म्हणालात आणि दाराशी जाऊन परत फिरलात. या वेळी म्हणू नका, नुसते चला. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ऐकलंत ना? मोतीबिंदू पिकून दगड झालाय. आणखी थांबलात तर मग त्यांनाही काही सांगता येणार नाही.

सासरे : पुढे काय चाललंय तिकडे पडद्यावर?

सून : विषय बदलू नका.

सासरे : विषय तू बदललास. मी चित्र बघतोय.

सून : बरं. एक मोठं हॉटेल आहे. हा नवीन वाढपी दिसतोय. एक जाडा मॅनेजर त्याला काहीतरी दाखवतोय. वाकून खालचा रुमाल उचल म्हणतोय. हा वाकला. आणि... कोट पाठीत फाटला. मानेपासून कमरेपर्यंत.

सासरे : सरळ फाटला ना? एका रेघेत?

सून : एकदम सरळ.

सासरे : फाटायलाच हवा. मागच्या शिवणीला कच्चा टाका घातलाय. थेटरात सगळे हसत होते आणि मी एकटा टाळ्या वाजवत होतो. नुसता लांब लांब धावदोरा, ओढलं की उसवतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा घालायचा, पुन्हा फाडायचा. त्याच्यामागे कुठेतरी एक शिंपी बसलेला असणार बघ, रोज तोच कोट शिवणारा. त्याचं नाव पाटीवरसुद्धा येत नसेल.

सून : बघा. फाडलेलं पुन्हा शिवता येतं, हे तुम्हीच सांगताय.

सासरे : कापडाचं! कापड बिघडलं तर दुसरा ताका उघडता येतो. डोळा कुठल्या दुकानातून आणू? माझे वडील सांगायचे, दहादा माप, एकदा काप. कात्री लागली की लागली. आणि तुझी ती डॉक्टरीणबाई म्हणते, टाका घालावाच लागत नाही. टाका न घालता कापणारा कारागीर मी जन्मात पाहिला नाही.

सून : अहो, बारीकशी चीर असते. आपोआप मिटते.

सासरे : आपोआप मिटतं ते तोंड. तेही तुझ्या घरात नाही.

सून : वा! आता मीच का?

सासरे : तू, तो, मी, सगळे. चल, फाटलेल्या कोटाचं पुढे सांग.

सून : नाही सांगत. आधी मला सांगा, मशीनवर चादर का घातलीत?

सासरे : धूळ बसते.

सून : जन्मभर नाही बसली. गेल्या आठवड्यातच बसायला लागली? ह्यांच्या विजारीनंतर?

सासरे : तू चित्राचं सांग.

सून : बाबा, झालं काय एवढं? विजारीची खालची दुमड घालताना दोन्ही पाय एकावर एक राहिले. हाताला कळलं नाही. दोन्ही पायांच्या आतल्या कडा एकमेकींना शिवल्या गेल्या. माणसाच्या हातून होतं.

सासरे : माणसाच्या हातून होतं. शिंप्याच्या हातून होत नाही. माझ्या हातची विजार घालून पोरगा कामाला निघाला आणि धाडकन पडला, ते मी इकडे बसून ऐकलं. तुम्ही दोघं एक शब्द बोलला नाहीत. किती वेळ घरात चिडीचूप! हसला असतात तरी चाललं असतं.

सून : हसू येत होतं म्हणून तर गप्प होतो. मी तोंडात पदर कोंबला होता.

सासरे : मला कसं दिसणार ते?

सून : ...बरं. सांगते पुढचं. फाटल्यावर हा पाठ भिंतीला लावून उभा राहिला. आता तो भिंतीला चिकटूनच सरकतोय. खेकड्यासारखा. सगळी हॉटेलभर भिंतीभिंतीने वाढतोय. कडेच्या टेबलांना सूप, कडेच्या टेबलांना पाव. मध्ये बसलेल्यांना काहीच नाही.

सासरे : आता जरा रंगली तुझी गाडी! मधल्या टेबलावर बाई आहे ना?

सून : आहे. मोठ्या टोपीची. चमचा आपटतेय. मॅनेजरने हाक मारली. बोट दाखवलं. त्या टेबलावर सूप ने. हा भिंत सोडेना. मॅनेजर म्हणतो, ने. हा म्हणतो... आणि...

सासरे : आणि?

सून : ...

सासरे : अगं, आणि काय? आणि हा वारा का थांबला?

सून : पंखा? पंखा मी बंद केला. घरघर करत होता. तुम्हाला माझं नीट ऐकू यावं म्हणून.

सासरे : बरं. मग? भिंत सोडतो का तो?

सून : सोडतो. म्हणजे... सोडत नाही. भिंतीभिंतीनेच मागे जातो आणि स्वयंपाकघरात शिरतो.

सासरे : स्वयंपाकघरात?

सून : हो. का? असंच आहे ना?

सासरे : असेल, असेल. माझं वय झालं. तू बघतेयस, तू सांग.

सून : स्वयंपाकघरात कोपऱ्यात एक म्हातारा शिंपी बसलाय.

सासरे : हॉटेलच्या स्वयंपाकघरात शिंपी?

सून : मोठं हॉटेल आहे, बाबा. एवढ्या टेबलांच्या चादरी कोण शिवणार? तर हा त्याच्याकडे पाठ करून उभा राहतो आणि खुणेने सांगतो, लवकर शीव, बाहेर बाई ताटकळलीय.

सासरे : शिंपी कसा आहे दिसायला?

सून : तब्येतीने बारीक. कपाळावर आठ्या. तोंडात टाचण्या. स्वतःला फार मोठा कारागीर समजतो.

सासरे : असतोही एखादा. पुढे?

सून : फक्त त्याला दिसत नाही. पण ते तो कोणाला सांगत नाही. सुई हाताने चाचपतो, दोरा ओवायला शेजारच्या आचाऱ्याला देतो, आणि असा रुबाब करतो की दोरा ओवणं त्याला कमीपणाचं वाटतं.

सासरे : अस्सं.

सून : मग झरझर झरझर शिवतो. कोट शिवला. हात जरा खाली गेला. विजारही शिवली. दोन्ही पाय एकमेकांना. वरून खालपर्यंत. पक्का टाका!

सासरे : अगं बाई! पक्का?

सून : पक्का. गाठ मारून, दोरा दाताने तोडून, पाठीवर थाप मारून म्हणतो, जा. हा ऐटीत वळतो, सुपाचं तबक उचलतो, पाऊल टाकायला जातो आणि...

सासरे : पडतो!

सून : नाही ना! पडायचं कसं? हातात सूप आहे. हा उडी मारतो. दोन्ही पाय जोडून. टुणकन. सूप वाटीच्या काठापर्यंत येतं आणि परत जातं. पुन्हा टुणकन. दार उघडतं. सगळं हॉटेल बघतंय. मधून निघालाय टुणूक टुणूक, आणि तोंड कसं? कोणाच्या तरी लग्नात अक्षता वाटायला चाललाय तसं.

सासरे : हा हा... थांब... थांब जरा...

सून : थांबून कसं चालेल? सूप सांडेल. तो बाईच्या टेबलापाशी पोचला. थेंब सांडला नाही. वाटी ठेवली. वाकून नमस्कार केला. आणि परत निघाला टुणूक टुणूक. बाईला वाटलं, ही इथली चालायची नवीन तऱ्हा. तिनं टोपी सावरली, उठली आणि तीही उडी मारून गेली हात धुवायला. ती मोठ्या घरची बाई, मग बाकीचे कसे मागे राहतील? शेजारचा दाढीवाला उठला. त्याची बायको उठली. सगळं हॉटेल टुणूक टुणूक. वाजंत्री थांबून बघायला लागले आणि मग त्यांनीही तसाच ठेका धरला.

सासरे : मॅनेजर? त्या जाड्याचं काय?

सून : त्याने उडी मारली, तशी छतावरची झुंबरं हलली. सगळ्यांनी वर बघितलं. तो म्हणाला, मी नाही.

सासरे : हा हा हा... अगं, पाणी दे... माझ्या डोळ्यांतून... कुठे गेला रुमाल... किती वर्षांनी गं!

सून : हा घ्या. हळू. ठसका लागेल.

सासरे : नाही लागत. हं. आणि... तो शिंपी?

सून : शिंपी?

सासरे : त्याला काढून टाकला असेल. बरोबर आहे. हातचं काम बिघडलं की माणसाला ठेवून काय करायचं?

सून : छे! काढतात कसले? हॉटेलातले सगळे लोक स्वयंपाकघराच्या दाराशी जमलेत. आमच्याही विजारी तशाच शिवा म्हणतात. बाई म्हणते, माझ्या झग्यालाही टाका घाला. हसून हसून सगळ्यांचे गाल दुखतायत.

सासरे : आणि तोही हसतोय?

सून : नाही.

सासरे : का?

सून : त्याला कुठे दिसलंय काय झालं ते? तो आपला सुई हातात घेऊन बसलाय आणि विचारतोय, अरे, हसताय कशाला? कोणीतरी सांगा. पण हसणाऱ्याला सांगता येत नाही, बाबा. जो तो तोंड उघडतो आणि पुन्हा हसतो. सगळ्या हॉटेलात तो एकच माणूस असा, ज्याने एवढी मजा उडवून दिली आणि ज्याला ती बघायला मिळाली नाही.

(सासरे रुमालाची घडी घालत राहतात. मग दार वाजते.)

मुलगा : हे काय? पडदे लावून काळोखात काय बसलात दोघं? खाली कोपऱ्यापर्यंत सगळ्या रस्त्याची वीज गेलीय. लिफ्ट बंद. जिने चढून आलो.

सून : अहो, हळू...

मुलगा : हळू काय? आणि टीव्हीकडे तोंड करून बसलात? बंद आहे तो.

सून : झालं! तुम्हाला कोणी विचारलं होतं?

मुलगा : मी काय केलं आता?

सासरे : त्याच्यावर नको चिडू, सूनबाई. मला ठाऊक होतं.

सून : केव्हापासून?

सासरे : वारा थांबला तेव्हापासून. पंख्याचं बटण दाराशी आहे. तू माझ्या शेजारून हललीसुद्धा नाहीस. आणि उजेड आणि काळोख एवढं अजून कळतं मला. समोरचा पांढरा डाग गेला, तेव्हाच समजलो.

सून : मग थांबवलं का नाहीत मला?

सासरे : थांबवू कसं? जन्मभर ते चित्र बघितलं. पुढे काय होणार हे ठाऊक नाही, असं आज पहिल्यांदा झालं. तू तरी का थांबली नाहीस?

सून : वीज गेली म्हटलं असतं तर तुम्ही उठून आत गेला असतात. आणि आत गेलात की उद्या सकाळपर्यंत बाहेर आला नसतात.

सासरे : हे मात्र खरं.

मुलगा : मला कोणी सांगेल का काय चाललंय?

सून : तुमची विजार हॉलिवूडला गेली होती.

मुलगा : काय?

सून : मग सांगते. बाबा, खऱ्या चित्रात शेवट काय आहे हो? भिंत सोडून तो त्या बाईकडे जातो कसा? मी तर हे चित्र आज पहिल्यांदाच बघितलं. तेही अर्धंच.

सासरे : नाही सांगणार.

सून : असं काय?

सासरे : नाही सांगणार म्हणजे नाही. तुझ्याइतका चांगला नाही तो, एवढं सांगतो. पण त्या कोटाचा टाका बघण्यासारखा आहे. ऐकून कळायचा नाही. दोघांनी बसून बघायचा.

सून : दोघांनी बघायचा म्हणजे... उद्या?

सासरे : मी अजून काही म्हटलेलं नाही.

सून : नाही, नाही. म्हणू नकाच.

सासरे : टाका घालत नाही म्हणते ना ती बाई? मग मी तिला विचारणारच आहे, चीर कुठून घेते आणि कडा कशी बसते. नीट सांगितलं तर बघू. कारागिराने कारागिराला सांगायला काय हरकत आहे?

मुलगा : सांगतील ना, बाबा. मी आधी बोलून ठेवतो त्यांच्याशी.

सासरे : तू काही बोलून ठेवू नको. तू बोललास की वीज गेल्याचं कळतं सगळ्यांना. अरे, ऐक. तुझी ती विजार कुठे आहे?

मुलगा : कुठली?

सासरे : किती विजारींनी तुला पाडलंय?

मुलगा : ती होय. कपाटात आहे, बाबा. तशीच ठेवलीय. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी उद्यापरवा शिंप्याकडून उसवून घेतो... म्हणजे, दुसऱ्या... म्हणजे, मीच उसवतो घरी.

सून : बोला, बोला. त्यापेक्षा तोंडच शिवून घ्या, पक्क्या टाक्याने.

सासरे : उसवू नको रे.

मुलगा : का?

सासरे : राहू दे तशीच. मला बघायचीय.